डावा हातमोजा

मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पंधरा चित्रं.
मिस ओकरलुंडनी सप्टेंबरात फळ्यावर आकडा लिहिला
आणि पुढे कुणालाच पुसू दिला नाही.
बावीसजण होतो. नाताळच्या सुट्टीनंतर नऊ.
रूफस बर्फावरच्या हॉकीला गेला,
डेल्फीन म्हणाली, रसायनशास्त्र बरं,
त्यात निदान उत्तर चुकलं तर चुकलं म्हणतात.

"चित्र काढता येतं तुला, ते दिसतंय.
पण प्रश्न काय आहे तुझा?"

मला वाटायचं, हात चांगला असला की झालं.
पाचवीपासून सगळ्या वर्गाचे घोडे मीच काढून देत आलेय,
मागचे पायसुद्धा.
प्रश्न?
मी लिहून दिलं : एकटेपणा म्हणजे काय?
कागद परत आला. कडेला बारीक अक्षरात :
"हा कुणाचा उसना आणलास?"

डुलुथला नोव्हेंबरातच चारला दिवे लागतात.
शाळा सुटली की मी आईच्या लाँड्रीत,
नोटा मोडून नाणी द्यायची,
ड्रायरच्या जाळीतली ऊबदार पिंज काढायची.
गोदीवरच्या माणसांच्या विजारींतून
खनिजाची तांबडी धूळ निघते,
आठ नंबरच्या मशीनची काच कायम गंजल्यासारखी.
काउंटरखाली एक खोकं :
विसरलेले मोजे, एक कवळीची डबी (रिकामी),
आणि लोकरीचा, हिरवा, डाव्या हाताचा एकच हातमोजा.

तोच घेतला. बसल्या जागी मिळाला म्हणून,
खोटं कशाला बोलू.

पहिलं चित्र कोळशानं. दुसरं शाईनं.
तिसऱ्यात तो काळ्या कागदावर, चौथ्यात फार मोठा,
पाचव्यात लाँड्रीच्या पावत्यांवर,
ते सगळ्यांना आवडलं, त्यांना सोडून.
"पुन्हा," म्हणाल्या.
सहावं. पुन्हा.
सातव्याच्या रात्री आई दोन वाजता उठून आली,
दिवा न मालवता नुसती म्हणाली,
"इर्या, त्या मोज्याला आता हाडं दिसायला लागलीत."
सातही चित्रांत अंगठ्याच्या मुळाशी
एक काळं भोक. मला त्याचा अभिमान होता.
सगळा अंधार मी तिथेच साठवला होता.

फेब्रुवारीत एक म्हातारा आला, उणे पंचवीस असेल.
कपडे नव्हते त्याच्याकडे. खोकं मागितलं,
चाळलं, आणि हिरवा मोजा उचलून हातात घातला.
उजवा आधीच घातलेला होता.

मी म्हणाले, थांबा.
काय सांगणार होते?
की तुमचा मोजा माझा अर्धा अभ्यासक्रम आहे?
तरी सांगितलं. चित्रं दाखवली, सातही,
वॉशिंग मशीनच्या झाकणांवर ओळीनं मांडून.
त्याला बसची घाई होती, पण पाहिली त्यानं,
एकेक, नाक अगदी जवळ नेऊन.
मग अंगठा माझ्यासमोर धरला.
"हे भोक नाही, पोरी. रफू आहे.
हिरवी लोकर संपली होती, काळी वापरली.
बोटीवर असताना केलंय, लाटा होत्या,
म्हणून जरा फुगलंय."

फुगलंच होतं.
खोल नव्हतं, वर आलेलं होतं.
सात वेळा पाहूनही मी ते आत ढकललं होतं.

बस आली. तो गेला. दोन्ही हात खिशात.

आठवं चित्र मी खोक्याचं काढलं :
पुठ्ठ्याचा तळ, कवळीची डबी,
आणि मोजा जिथे पडायचा तिथली
थोडी कमी धूळ.
ती काढायला अकरा दिवस लागले.
खाली प्रश्न लिहिला :
रफू दिसायला किती वेळ लागतो?

मिस ओकरलुंड बराच वेळ कागदावर वाकून होत्या.
खिडकीखालचा हीटर ठकठक करत होता.
मला वाटलं, आता म्हणतील पुन्हा.
त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला,
परत घातला.

"अजून सात," म्हणाल्या.